धुरावर ठेवलेली पॅन्ट

आमचं गोल्फचं मैदान सोमवारी बंद असतं, म्हणून माझं घर सोमवारी उघडतं. रविवारी संध्याकाळी मैदानावरच्या दुकानाला कुलूप लावायचं, शहापूरहून मुरबाडची एसटी धरायची, मुरबाडहून धसईची, आणि धसईच्या पुढे गावापर्यंत कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसायचं, असं कित्येक वर्षं चाललेलं आहे. पूर्वी मी पोहोचायच्या आधी ओटीवरचा दिवा लागलेला असायचा. आता मीच कुलूप काढतो आणि मीच दिवा लावतो. बायको गेली त्याला हा तिसरा पावसाळा.

स्वयंपाकघरात शिरलो की मी वर बघत नाही. चुलीच्या वर बांबूच्या कामट्यांचा एक लहानसा माळा टांगलेला आहे. आमच्याकडे तो घरोघरी असायचा. पुढच्या वर्षीचं बियाणं, सुकी मासळी, पावसाळा सरल्यावर पानांची इरली, जे जे म्हणून किडीपासून आणि ओलीपासून वाचवायचं ते तिथे धुरावर ठेवायचं. माझ्या माळ्यावर आता एकच बोचकं उरलं आहे. त्यात गोल्फ खेळणाऱ्या बायका पावसात घालतात तसली एक वॉटरप्रूफ पॅन्ट आहे. ती तिथे कशी गेली हे सांगायचं म्हणजे मला माझं शहाणपण आधी सांगावं लागेल.

पण त्याआधी मुलीचा फोन. ती वाशिंदला दिली आहे. यंदा तिला आमच्याच मैदानावर काम लागलं, गवताच्या टोळीत. ज्या मऊ गवतावर चेंडू खड्ड्यात घालतात तिथलं तण उकिडवं बसून हातानं वेचायचं, पाऊस असो नसो. अंगात घालायला रेनकोट देतात, कमरेखालचं ज्याचं त्यानं बघायचं. आठवडाभर भिजून ती कावली होती. शुक्रवारी फोनवर म्हणाली, "बाबा, आईची पॅन्ट माळ्याव हाय ना अजून? मंगळवारी येताना घेऊन या. नुसती पडून हाय ती."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण काय सांगणार? त्या पॅन्टवरून मी तिच्या आईला चारचौघींत एक शब्द बोललो होतो. तो चुकीचा होता हे मला वर्षभरातच कळलं, तरी तो परत घ्यायचं मी आज करू, उद्या करू करत राहिलो आणि ती निघून गेली. म्हणून बोचकं तीन पावसाळे तसंच आहे. ते सोडलं तर तो शब्दही सुटून बाहेर येईल असं मला वाटायचं. असल्या गोष्टी पोरीला फोनवर सांगता येत नाहीत.

तर माझं शहाणपण. मी आधी कॅडी होतो, म्हणजे मेंबरांच्या काठ्यांची बॅग खांद्यावर घेऊन त्यांच्या मागे चालायचो. खांदा गेल्यावर साहेबांनी दुकानात बसवलं. बूट, टोप्या, हातमोजे, छत्र्या, आणि पावसाळ्यात सगळ्यात जास्त खपणाऱ्या या वॉटरप्रूफ पॅन्टा. मेंबर लोक दिवसभर पावसात चालायला तयार असतात, पण भिजायला तयार नसतात, त्यामुळे माझं बरं चालतं.

पॅन्ट निवडताना बहुतेक जण आरशासमोर उभे राहतात आणि पोट आत घेतात. मी म्हणतो, साहेब, आरशात निवडू नका, बसून निवडा. खाली वाका, चेंडू उचलल्यासारखं करा, गुडघा ताणला जातो का बघा. ती नेहमीच्या पॅन्टीवरून चढवायची असते, तेव्हा एक नंबर मोठीच घ्या. कापड कानाजवळ चोळा. ताडपत्रीसारखं वाजलं तर परत ठेवा, कारण ऐन फटक्याच्या वेळी स्वतःच्याच पॅन्टीचा आवाज ऐकून माणूस दचकतो. पोटरीपासून खाली चेन पाहिजे, म्हणजे चिखलाचे बूट न काढता पाय घालता येतो. आणि पॅन्ट उलटी करून शिवणी बघा. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली असते. ती जिथे सुटली तिथून पाणी घरात आलंच म्हणून समजा. एवढं ऐकल्यावर मेंबर माझ्याकडे जरा आदरानं बघतात. दहावी नापास माणसाकडे आदरानं बघणारी माणसं रोज भेटत नाहीत, तेव्हा मीही ते हातचं राखून सांगत नाही.

हे सगळं मी दुकानात सांगायचो आणि माझी बायको धसईच्या पुढे आमच्या दीड एकरात ओणवी होऊन आवणी करायची. आवणी म्हणजे भाताची रोपं चिखलात लावणं. दिवसभर कमरेत वाकून, एकेक पाऊल मागे टाकत जायचं. पाठीवर इरलं असतं त्यामुळे पाठ कोरडी राहते, पण मांड्या आणि गुडघे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गारठलेले. एका सोमवारी ती जेवून पाटावरून उठायला गेली आणि उठताच येईना. हसली. म्हणाली, पाटाला माझी सवय लागलीय. मग रात्रीची भांडी घासून झाल्यावर वाळू तव्यावर तापवून फडक्यात बांधून गुडघे शेकत बसली. मी तिथेच ठरवलं, हिला पॅन्ट आणायची.

मेंबरांना निवडून देणं सोपं होतं, हे अवघड निघालं. तिची कंबर मला इंचात माहीत नव्हती. दुकानात दोन हात हवेत धरून मी माप घेतलं आणि कोणी बघत नाही ना याची दोनदा खात्री केली. बायकांच्या पॅन्टांत काळी होती, हिरवी होती आणि निळी होती. तिला निळा रंग आवडतो असं मला वाटायचं म्हणून निळी घेतली. तिला हिरवा आवडायचा हे मला तिच्या बहिणीनं सांगितलं, तेव्हा ती नव्हती. इतकी वर्षं मी तिच्यासाठी कधी काही कापड निवडलंच नव्हतं. तिची लुगडी ती मुरबाडच्या बाजारातून आणायची आणि मी नुसतं चांगलं आहे म्हणायचो.

आवणीला मी चार दिवस रजा काढली. तिनं लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं, खालून पॅन्ट चढवली, वरून इरलं घेतलं आणि शेतात आली. शेजारच्या बायका आवणीला आल्या होत्या. आमच्याकडे आज तुझ्यात, उद्या माझ्यात अशी आवणी चालते. त्यांनी तिला मॅडम म्हणायला सुरुवात केली. मॅडम, जरा सरका. मॅडम, चहा घेणार की कॉफी? तीही नाक वर करून मडमेसारखी चालून दाखवत होती. मी बांधावर उभा राहून मनातल्या मनात माझीच पाठ थोपटत होतो.

अर्ध्या तासानं ती मधूनच उठली, पाय जड टाकत बांधावर आली, खाली बसली आणि एक पाय वर केला. पॅन्टीतून तांब्याभर चिखलपाणी पडलं आणि त्याबरोबर खेकड्याचं एक पिल्लू. बायकांनी हातातल्या रोपांच्या मुठी टाकल्या आणि पोट धरून हसल्या. सगळ्यात जास्त तीच हसली. गोल्फ खेळणाऱ्याला पाऊस वरून लागतो आणि आवणी करणारीला पाणी खालून लागतं, ही साधी गोष्ट इतक्या पॅन्टा विकून माझ्या डोक्यात शिरली नव्हती. मी कापड कापू नको म्हणून घाबरून ओरडत होतो. तिला कापायचंच नव्हतं. तिनं पॅन्ट गुडघ्याखाली दुमडली, जुन्या लुगड्याच्या दोन चिंध्यांनी पोटऱ्यांवर घट्ट बांधली आणि परत चिखलात उतरली. वाकल्यावर पॅन्टीची कंबर मागून उघडी पडायची, पण तिथे इरलं यायचं. वरून आमचं इरलं आणि खालून साहेबाची पॅन्ट, अशी तिची जोडी जमली.

त्या संध्याकाळी चुलीपुढे बसून तिनं मांड्यांवरून हात फिरवला. म्हणाली, "कोरड्या हायेत आज. गुडघा पण गप हाय." आयुष्यात मी तिच्यासाठी केलेलं एखादं काम इतकं नेमकं लागू पडल्याचं मला दुसरं आठवत नाही. अजून ते वाक्य मला त्याच आवाजात ऐकू येतं, आणि ऐकू आलं की पुढचं सगळं नको होतं असं वाटतं.

मग मी तिला पॅन्ट कशी सांभाळायची ते शिकवलं. शिकवलं म्हणजे दुकानातल्यासारखं भाषण दिलं. दगडावर आपटायची नाही. सोड्याची पावडर नको, ब्रश नको, पिळायची नाही. चेन लावून, हलक्या साबणानं, गार पाण्यात हातानं चोळायची आणि साबणाचा अंश राहणार नाही इतकी खळबळायची. उन्हात टाकायची नाही, सावलीत वळणीवर घालायची. आणि विस्तवाजवळ तर मुळीच न्यायची नाही. ती तलाठ्याचं बोलणं ऐकावं तशी मान हलवत ऐकत होती.

दुसऱ्या पावसाळ्यात मला एक नवल दिसलं. आमच्या मेंबरांच्या पॅन्टा एका पावसाळ्यात थकतात. पाणी आत येत नाही, पण वरचं कापड पाणी प्यायला लागतं, जड होतं आणि मांडीला गार चिकटतं. मग ते माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. बायकोच्या पॅन्टीवरून मात्र दुसऱ्या वर्षीही पाणी अळूच्या पानावरून घरंगळावं तसं जात होतं. मला वाटलं, हा माझ्या भाषणाचा परिणाम. मी तिला तसं म्हणूनही दाखवलं. ती नुसती गालात हसली.

मी नेहमी सोमवारचा माणूस. पण त्या वर्षी एकदा एवढा पाऊस झाला की मैदानाचं तळं झालं आणि आम्हाला गुरुवारीच घरी सोडलं. मी दुपारचा न सांगता पोहोचलो. पावसानं सकाळची आवणी अडली होती, म्हणून बायका शेतात जायच्या आधी स्वयंपाकघरात चहाला बसल्या होत्या. बायको चौरंगावर चढून माळ्यावरून एक बोचकं खाली घेत होती. चुलीत लाकडं धुमसत होती. बोचक्याचं कापड काजळीनं काळंकुट्ट झालं होतं. तिनं गाठ सोडली, आतलं उलगडलं आणि निळी पॅन्ट निघाली. धुराचा वास माझ्यापर्यंत आला.

माझं डोकं फिरलं. एसटीत दोन तास उभा राहून आलो होतो हे कारण मी नंतर स्वतःला पुष्कळदा दिलं, पण ते काही खरं नाही. मी शिकवलेलं तिनं मोडलं होतं आणि माझ्या पाठीमागे मोडलं होतं, याचा मला राग आला होता. मी सगळ्या बायकांसमोर म्हणालो, "इरल्यात नि पॅन्टीत फरक तरी कळतो काय गो तुला? अडाणी ती अडाणीच."

 तिला सही करता येत नव्हती, अंगठा लावायची, आणि ते तिला फार लागायचं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तो शब्द माझ्या तोंडात तयार होता.  बायकोनं पॅन्ट परत तशीच गुंडाळून बांधली आणि माळ्यावर ठेवली. मला चहा ओतून दिला.

रुसणं, अबोला, असलं काही तिनं केलं नाही. सोमवारी दिवा लागलेला असायचा, भाकरी गरम असायची. फक्त पुढच्या आवणीला ती खताची रिकामी प्लास्टिकची पिशवी कमरेला गुंडाळून चिखलात उतरली. मी म्हटलं, अगं, ती पॅन्ट घाल ना. ती म्हणाली, "तुमची वस्तू हाय. खराब व्हायची." तिच्या आवाजात टोमणा असता तर मी भांडलो असतो. टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटायला लागलं होतं.

त्याच वर्षी पॅन्टा बनवणाऱ्या कंपनीचा एक माणूस आम्हाला शिकवायला दुकानात आला. तो म्हणाला की धूळ, तेलकटपणा आणि काजळी कापडाला लागू देऊ नका, हे खरंच. पण धुऊन वाळल्यावर कापडाला मंद ऊब द्या. नुसतं सावलीत वाळवलं तर वरचं कापड झोपून जातं आणि पाणी प्यायला लागतं. मंद ऊब मिळाली की त्याला परत जाग येते आणि पाणी थेंब होऊन घसरतं. जाळ नको, ऊब हवी. तो बोलत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर काळं बोचकं उभं होतं. बोचकं काळं होतं. आतली पॅन्ट मी नीट बघितलीच नव्हती.

मग मी ही युक्ती मेंबरांना सांगायला लागलो. एका वयस्क मेंबर बाईंची तीन वर्षं जुनी पॅन्ट मी आमच्या धुलाईच्या खोलीत धुऊन घेतली आणि कपडे वाळवायच्या मशीनमध्ये मंद उबेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पावसात खेळून आल्यावर त्या दुकानात मुद्दाम आल्या आणि दहा जणांत म्हणाल्या, याला साहेबापेक्षा जास्त कळतं. मला लाजायला झालं. त्या सोमवारी मी घरी ठरवूनच गेलो की हिला सांगायचं, तुझं बरोबर होतं. ती सुपात वाल निवडत होती. तिनं विचारलं, दुकानात काय नवीन? मी म्हणालो, काय नाय.

का म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही.  मेंबराची क्षमा मी दिवसातून चार वेळा मागतो, त्यात माझं काही जात नाही. हिची मागायची म्हटल्यावर माझं काय जाणार होतं? वाटलं, पुढच्या सोमवारी सांगू. पुढच्या सोमवारी पाहुणे होते. सोमवार फार आहेत असं माणसाला वाटत असतं. भात कापून झालं होतं आणि झोडणी व्हायची होती, तेव्हा तिला ताप आला. चार दिवस होता. पाचव्या दिवशी ती नव्हती.

काल सोमवार होता. सकाळी मी चौरंगावर चढून बोचकं खाली घेतलं. बाहेरचं लुगडं हात लावताच हात काळे करत होतं. ते सोडलं तर आत दुसरं लुगडं, पिवळट पडलेलं. त्याच्या आत तिसरं, सुती आणि पांढरं, त्यावर काजळीचा एक डाग नाही. त्यात पॅन्ट. घडी अशी की दुकानात ठेवावी. चेन लावलेली, शिवणीवरची पट्टी कुठे दुमडू नये म्हणून पाय सरळ पसरून मग एकदाच घडी घातलेले. खिशात पोटऱ्यांना बांधायच्या त्या दोन चिंध्या होत्या, धुऊन गुंडाळलेल्या. धूर तिनं बाहेर ठेवला होता आणि ऊब तेवढी आत घेतली होती. मी त्या दिवशी फक्त वरचं फडकं बघितलं होतं.

मी ओटीवर पॅन्ट मांडीवर घेऊन बसलो. तिला वास होता. लाकडाच्या धुराचा होता, आणि कमरेच्या पट्ट्याशी खोबरेल तेलाचा, जे ती केसांना लावून हात लुगड्याला पुसायची. मला ती हवी होती. यात आणखी काही सांगण्यासारखं नाही. तिच्या नुसत्या असण्याची, सुपाच्या आवाजाची, माझ्या बढाया ऐकून गालात हसण्याची मला इतकी आठवण आली की मी दुपारपर्यंत तिथून हललो नाही. पॅन्ट चार वर्षं पडलेली, धुतल्याशिवाय पाणी पिणार हे मला माहीत होतं. आणि साबण लावला की हा वास जाणार, हेही मला आमच्या दुकानात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. वाटलं, मुलीला नवी घेऊन देऊ.

म्हणून मुलीलाच फोन केला. म्हटलं, हिला फार वास येतोय, जुनी झालीय, मी तुला दुसरी देतो. ती म्हणाली की वासाचं काय, धुवा आणि वाळली की परत माळ्यावर ठेवा थोडा वेळ, आई तसंच करायची. मी विचारलं, आईला हे कोणी सांगितलं होतं? तेव्हा तिनं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं.

पहिल्या वर्षी तिची आई माझ्या सांगण्याप्रमाणे पॅन्ट वळणीवरच वाळवायची. चार-पाच धुण्यांनंतर तिला दिसलं की पाणी शिंपडल्यावर थेंब फुटून कापडात जातायत. मग एका पावसाळी दिवशी वळणीवर काही वाळेना म्हणून तिनं ती माळ्यावर टाकली, तर थेंब परत उभे राहिले. तिला खरं वाटेना. पुढच्या खेपेला तिनं पॅन्टीचा एक पाय माळ्यावर ठेवला आणि दुसरा खाली लोंबता ठेवला. दुसऱ्या दिवशी दोन्ही पायांवर पाणी शिंपडलं आणि मुलीला हाक मारून दाखवलं, हा बघ, आणि हा बघ. मग काजळी लागू नये म्हणून एक लुगडं गुंडाळून बघितलं, मग दोन, मग तीन. तीनच बरोबर, असं तिनं ठरवलं.

 मी विचारलं, मला का नाही सांगितलं तिनं? मुलगी म्हणाली, "सांगणारच होती, बाबा. तुमाला करून दाखवायचं म्हणायची. मग तुमी बोललात त्या दिवशी."

फोन ठेवून मी विहिरीवर गेलो. गार पाणी, हलका साबण, चेन लावून. दगडाकडे पाठ करून बसलो. हातानं चोळताना पाणी जरा करडं झालं, मग दुधाळ, मग स्वच्छ. चार वेळा खळबळली. वाळेपर्यंत वळणीवर घातली. मग तीन वर्षांत पहिल्यांदा चूल पेटवली. गॅस आल्यापासून माझी सवय मोडलीय. फुंकून फुंकून डोळे लाल झाले. जाळ विझवून निखारे ठेवले. पॅन्ट आधी पांढऱ्या लुगड्यात, मग पिवळ्यात, मग काळ्यात बांधली आणि वर ठेवली. तासाभरानं काढली, पायावर पसरली आणि ओंजळीतलं पाणी शिंपडलं. थेंब उभे राहिले. मी पॅन्ट तिरकी केली तसे ते एकामागून एक घरंगळले आणि कापड कोरडं राहिलं. वास गेला होता. मी नाकाशी धरून बघितलं, साबणाचा येत होता.

आज सकाळी मैदानावर पाऊस होता. मुलीनं दुकानाच्या मागे जाऊन पॅन्ट चढवली. आईपेक्षा ती उंच आहे, पण बसून बघितलं तर गुडघ्यात बरोबर येत होती. दुपारच्या सुट्टीत गवताची टोळी माझ्या दुकानाच्या पत्र्याखाली आली, सगळ्या बायका कमरेपासून भिजलेल्या आणि ही एकटी कोरडी. दोन मेंबर छत्र्या मिटत उभे होते. त्यांतला एक हिच्या पॅन्टीकडे बघत राहिला. किती वर्षांची आहे म्हणून त्यानं विचारलं. मी सांगितलं तसा तो म्हणाला, अरे, माझी तर एका वर्षात गेली, ही कंपनीची काय ट्रिक आहे ते मलाही सांग.

हे मी दुकानात पन्नास वेळा ऐकलेलं आहे, आणि पन्नास वेळा मान जरा खाली घालून, कंपनीचं सांगणं आहे साहेब, असं म्हणून उरलेली वाहवा स्वतःकडे ठेवलेली आहे. पत्र्याखाली दहा-बारा माणसं होती. माझ्या घरी त्या दिवशी साधारण तेवढ्याच बायका होत्या.

"कंपनीची नाय, साहेब," मी म्हणालो. "माझ्या बायकोची. तिनं स्वतः करून बघितलं होतं. कंपनीचा माणूस आमाला शिकवायला आला त्याच्या आधी. तेव्हा मीच तिला अडाणी म्हटलं होतं."

 मुलगी खाली मान घालून पोटरीवरची चिंधी पुन्हा बांधत बसली. मग मी तीन लुगड्यांचं सगळं सांगितलं, एक पाय माळ्यावर आणि एक पाय खाली हेही सांगितलं, आणि त्यावर बायका हसल्या तेव्हा मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की आता सोमवारी घरी गेल्यावर हे बायकोला सांगायचं, असं मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं होतं.